पूर्वेचं घर

सकाळी सात वाजेपर्यंत माझ्या स्वयंपाकघराचा पडदा उघडला नाही, की सव्वासातला माझं दार वाजायचं. बेल होती, पण बोडिलबाईंचा बेलवर विश्वास नव्हता. त्या काठीच्या मुठीने तीनदा ठोकायच्या आणि मी दार उघडलं की माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघायच्या. मी दोन पायांवर उभी आहे एवढी खात्री पटली, की "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत "ठीक", म्हणून वळायच्या आणि निघून जायच्या. गुड मॉर्निंग नाही, सॉरी नाही, काही नाही.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायला येऊन सहा दिवस झाले होते. शनिवार होता. आठवडाभर कंपनीत हृदयात बसवायच्या बारीक नळ्या भिंगाखाली तपासून डोळ्यांचं भजं झालं होतं आणि मी दहापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. दार ठोकल्याचा आवाज ऐकून धावत खाली आले. बाहेर एक उंच, हाडकुळी म्हातारी. अंगात हिरवा रेनकोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि आडव्या पावसात ती अशी उभी, की जणू पाऊस तिच्या ओळखीचा.

"मेली नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग पडदा उघड," त्या म्हणाल्या. "तू माझ्या पश्चिमेला आहेस."

आमची वसाहत अर्धगोलात वसलेली. मधे हिरवळीचा एक तुकडा आणि त्याच्या कडेने सोळा घरं. बोडिलबाईंचं घर पूर्वेच्या टोकाला, माझं पश्चिमेच्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहिलं की माझी खिडकी समोर दिसायची आणि माझ्या ओट्यापासून त्यांची. ही सोय मला भाड्याच्या जाहिरातीत कोणी सांगितली नव्हती.

बोडिलबाई मूळच्या डेन्मार्कच्या. तिथल्याही एका एवढ्याशा बेटाच्या, ज्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. मी म्हणून दाखवलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. त्यांच्या लहानपणी तिथे चाळीस उंबरे होते. एक चर्च, एक दुकान, एक शाळा आणि दिवसातून दोनदा येणारी फेरीबोट, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. ह्या फेरीवरून बेटाला एक म्हणच मिळाली होती: "फेरी नाही." ज्याला इलाज नाही अशा प्रत्येक गोष्टीला ते हे म्हणत. गॉलवेची बस चाळीस मिनिटं उशिरा आली तरी बोडिलबाई म्हणायच्या, "फेरी नाही." ब्रेड फुगला नाही, फेरी नाही. नवरा मार्टिन कसा गेला असं मी एकदा विचारलं, तर खिडकीबाहेर बघत तेवढंच म्हणाल्या. आपल्याकडे "आलिया भोगासी" म्हणतात त्याच्यापेक्षा हे मला आवडलं. भोग कायमचा असतो. फेरी निदान उद्या येऊ शकते.

पडद्याचा नियमही बेटाचाच. तिथे प्रत्येक घराने आपल्या पश्चिमेच्या घरावर लक्ष ठेवायचं. सातपर्यंत पडदा उघडला नाही तर जाऊन बघायचं. ते कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच माहीत नाही. "आणि शेजाऱ्याशी भांडण असेल तर?" मी विचारलं. मी नागपूरच्या फ्लॅटसंस्कृतीत वाढलेली. शेजाऱ्याशी भांडण हा आमचा हातखंडा विषय.

त्यावर त्यांनी मला दोन भावांची गोष्ट सांगितली. होडी ठेवायच्या एका छपरावरून दोघांचं फाटलं आणि तीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. पण घरं लागून होती. एका सकाळी पश्चिमेच्या भावाचा पडदा उघडला नाही. पूर्वेचा भाऊ सव्वासातला आत शिरला. हा जमिनीवर पडलेला, खुब्याचं हाड मोडलेलं. त्याने त्याला पाठीवर घेतलं, धक्क्यावर नेलं, फेरीत झोपवलं, अंगावर स्वतःचा कोट घातला. दवाखान्यातून तो तीन महिन्यांनी परत आला.

"मग बोलायला लागले?"

"छे!" बोडिलबाई म्हणाल्या. "का बोलतील? छपराचा प्रश्न तसाच होता ना. कोट मात्र त्याने धुऊन दारात ठेवला."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जो अभिमान होता तो पाहून मला हसू आवरेना. आणि ह्याच बेटावरून ही बाई एकोणिसाव्या वर्षी पळून आली होती!

ती गोष्ट त्यांनी मला एका वादळी रविवारी सांगितली. अटलांटिकचा वारा असा सुटला होता की कचऱ्याचे डबे हिरवळीवर धावाधाव करत होते. त्या राय नावाच्या धान्याचा काळा ब्रेड कापत होत्या. तो ब्रेड म्हणजे भिजलेली वीट. पण लोणी लावून खारवलेला मासा ठेवला की वीट गोड लागते म्हणतात. मी लोण्यापर्यंतच थांबायची.

"बेटावर कुठल्याच दाराला कुलूप नसतं," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर पडता मात्र येत नाही. मी कुठल्या मुलाशी बोलले हे मी घरी पोचायच्या आत आईला कळायचं. फेरीवाला माझा काका. मी एकटी धक्क्यावर गेले तर विचारायचा, बापाला माहीत आहे का?" तशात एक आयरिश मासेमारी जहाज इंजिन बिघडून बेटाला लागलं. त्यावर मार्टिन मेकॅनिक. इंजिन दुरुस्त व्हायला अकरा दिवस लागले. "इंजिन चार दिवसांतच झालं होतं," बोडिलबाई म्हणाल्या आणि सुरीने ब्रेडचे कण एका बाजूला गोळा करत राहिल्या.

बाराव्या दिवशी पहाटे त्यांनी आपल्या खोलीचा पडदा सताड उघडला आणि मागच्या दाराने निघून गेल्या. पूर्वेच्या घराने सात वाजता बघितलं: पडदा उघडा, पोरगी ठीक. दुपारी जेवायला आल्या नाहीत तेव्हा शोधाशोध झाली. तोवर जहाज नजरेच्या बाहेर गेलं होतं.

"त्यांचा पडद्यावर विश्वास होता," त्या म्हणाल्या. "आणि मी पडद्यानेच त्यांना फसवलं. मला पळून आल्याची लाज वाटत नाही. ह्याची मात्र वाटते."

बापाने पुढे पत्र लिहिलं नाही. धाकटी बहीण आना मात्र लिहायची. दोन्ही घरांत फोन आल्यावर दोघींनी एक पद्धत पाडली. रोज सकाळी सहा वाजता बोडिलबाई बेटावरच्या घरी फोन लावायच्या, दोनदा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. मग आना तिकडून तसंच करायची. उचलायचा नाही. बोलायचं काय? पडदा उघडला, एवढंच सांगायचं असायचं. ह्यात काही दशकं गेली.

मी मात्र पहिलं वर्षभर ह्या पडद्याला विटले होते. माणूस आई-बापाच्या नजरेतून सुटायला सात समुद्र ओलांडतो आणि समोर डेन्मार्कची चौकीदार उभी! एका शुक्रवारी कोणाला न सांगता मी डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला मैत्रिणींकडे गेले. पुण्या-मुंबईच्या चौघी, मिसळ, पत्ते, धमाल. शनिवारी माझा फोन बॅगेत तळाला. रविवारी परतले तर दाराशी दोन गार्डा, म्हणजे इथले पोलीस, मागची काच फोडलेली, आणि बोडिलबाई माझ्या ओट्यापाशी माझ्याच कपात चहा पीत बसलेल्या. अर्धी वसाहत हिरवळीवर. सगळ्या वसाहतीत शोभा!

मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले. "हे तुमचं बेट नाहीये! मला इथे श्वास घेऊ द्या!"

त्या उठल्या, कप विसळला, पालथा घातला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडदा उघडला नाही. दार वाजलं नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. स्वातंत्र्य मिळालं म्हणावं तर घर एकदम मोठं वाटायला लागलं. दहाव्या दिवशी मला सणकून ताप भरला. उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं. पडदा बंद. मी अंथरुणात पडून घड्याळाकडे बघत होते आणि, कबूल करते, वाट बघत होते. सव्वासातला काठी वाजली. माझी एक किल्ली काच बसवणाऱ्याने त्यांच्याकडेच ठेवली होती, ती वापरून त्या वर आल्या, उशाशी पाणी ठेवलं.

"तुम्ही रोज बघत होतात?" मी विचारलं.

"मी रागावले होते," त्या म्हणाल्या. "बघायचं कशाला थांबवू?"

त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले. तापाने, असं आम्ही दोघी धरून चाललो.

पुढच्या हिवाळ्यात माझी आई नागपूरहून तीन महिने आली आणि अडकलीच. चारला अंधार, रस्त्यावर माणूस नाही, वारा असा की छत्रीचा नुसता सापळा हातात राहायचा. मी दिवसभर कंपनीत. आई खिडकीत उभी. बोडिलबाईंनी तिसऱ्याच दिवशी ते समोरून ओळखलं असणार, कारण चौथ्या दिवशी त्या बटाट्यांची पिशवी घेऊन आल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. संध्याकाळी मी आले तेव्हा समोरासमोर बसून बटाटे सोलत होत्या. आईने निम्म्या बटाट्यांत मोहरी-हिरवी मिरची घातली होती, निम्मे बोडिलबाईंनी लोण्यात पांढरेच ठेवले होते. मग हे रोजचं झालं.

बेटावरचा आणखी एक रिवाज मला तेव्हा कळला. तिथे सायकलवरून जाताना कोणी समोर आलं तर हँडलवरचं एक बोट उचलायचं. फक्त एकच, तर्जनी. हात सोडला तर वारा पाडतो. पाहुण्यांना मात्र अख्खा हात हलवायचा, कारण पाहुण्यांना बोटाची भाषा कळत नाही. बोडिलबाई मला आणि आईला नेहमी अख्खा हात हलवायच्या. मी एकदा त्यांना एक बोट दाखवलं तर म्हणाल्या, "ते तुझं नाही." मला जरा लागलंच.

आई परत जाताना विमानतळावर म्हणाली, "तिले घरी जायचं आहे वं."

"कोणाला?"

"त्या बोडिलबाईले. बटाटे सोलता सोलता थांबते अन् दाराकडे पाहाते. तिले जाऊ द्या न बाप्पा."

"आई, त्यांचं घर इथेच आहे. पंचावन्न वर्षं झाली."

"मले नको सांगू," आई म्हणाली. "मी तीन महिने खिडकीत उभी होती."

त्याच वसंतात बोडिलबाई दोनदा पडल्या. एकदा बागेत, एकदा जिन्यात. गॅसवर भांडं ठेवून विसरल्या तेही एकदा झालं. मुलगा एमन धावत आला. तो स्वोर्ड्सला राहतो, डब्लिन विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचा सुपरवायझर आहे. माणूस चांगला, हळवा; आईची काळजी करून करून त्याचे केस गेले असं तो स्वतःच म्हणतो. त्याने आईच्या गाडीची किल्ली आणि पासपोर्ट "जपून ठेवायला" नेला आणि जाताना माझ्या दारात थांबला.

"तुझ्या खिडकीतून तिची खिडकी दिसते ना? मला रोज सकाळी फक्त मेसेज कर. पडदा उघडा आहे की नाही, एवढंच."

नाही कसं म्हणणार? मी रोज सात वाजता पाठवू लागले: पडदा उघडा आहे. तो अंगठा पाठवायचा. बोडिलबाईंना हे आठवड्यात कळलं. "म्हणजे आता मी तुझ्या पश्चिमेला," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. गेल्याच वर्षी जी मी "श्वास घेऊ द्या" म्हणून ओरडले होते, ती मीच आता पहाऱ्यावर उभी होते.

मग आनाचा प्रश्न आला. बेटावर आता नऊच उंबरे उरले होते. आनाच्या पूर्वेचं घर रिकामं झालं. तिथली म्हातारी मुलाकडे शहरात गेली. आनाला दिसायचं कमी झालं होतं. तिच्या पडद्यावर लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. सकाळी सहाच्या दोन घंटा होत्या, पण एका सकाळी आनाची घंटा आलीच नाही. बोडिलबाईंनी धक्क्यावरच्या माणसाला फोन करून तिच्या घरी पाठवलं. ती न्हाणीघरात पडली होती, दोन तास. वाचली. पण गॉलवेत बसून घंटा ऐकू येते, पडलेल्या बहिणीला उचलता येत नाही.

त्या रविवारी एमन आला होता. मी ब्रेडची रिकामी पिशवी परत करायला गेले आणि दोघांच्या मधे सापडले.

"मला तिच्या पूर्वेच्या घरात राहायचं आहे," बोडिलबाई म्हणत होत्या.

"आई, तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. वारा असला तर तेही नाही!"

"मग वारा नसेल त्या दिवशी आजारी पडेन."

"उन्हाळ्यात बघू. मी रजा काढतो, आपण दोघं चार दिवस जाऊन येऊ."

"चार दिवस पाहुणे जातात," त्या म्हणाल्या.

एमनने माझ्याकडे बघितलं. तू तरी सांग, असं ते बघणं होतं. मी ब्रेडची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या तब्येतीला एमन म्हणतो तेच बरं आहे, बोडिलबाई." असं मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. त्यांनी पिशवीची घडी घातली.

"फेरी नाही," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. वरच्या प्रेसमधला, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातला, निळ्या झाकणाचा बिस्किटांचा डबा काढून हवा होता. स्टुलावर चढायला त्यांना बंदी होती. मी डबा दिला. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. आत पत्रांच्या गठ्ठ्यावर एक पासपोर्ट होता. आयर्लंडच्या पासपोर्टवर वीणेसारखं वाद्य असतं. ह्याच्यावर डेन्मार्कचा मुकुट होता. एमनने नेला तो दुसराच. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"हे तुझ्या मेसेजमध्ये बसतं का?" त्यांनी विचारलं.

मी स्टूल जागेवर ठेवलं. "तिथे फक्त पडद्याचं लिहायचं असतं," मी म्हणाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बोडिलबाई गेल्या. वारल्या नाहीत; गेल्या. तिकीट लायब्ररीतल्या मुलीकडून काढून घेतलं होतं, एमनच्या सुट्टीचा वार बघून. एमन दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून माझ्यावर खूप चिडला. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपल्याकडे म्हणतात. त्याने ते इंग्रजीत आणि जास्त जोरात म्हटलं. मी ऐकून घेतलं, कारण त्याचं बरोबर होतं. जाताना तो खुर्चीत बसून मुसमुसला आणि मी त्याला चहा दिला. आता तो दर महिन्याला तिकडे जातो. आणि रोज सकाळी सात वाजता माझा फोन दोनदा वाजून थांबतो. तिकडे तेव्हा आठ वाजलेले असतात; आनाचा आणि स्वतःचा पडदा उघडून झाल्यावर त्या माझ्याकडे वळत असणार.

पण मला सांगायची आहे ती त्या गेल्या त्या दिवशीची सकाळ. सात वाजता मी पडदा सारला. समोर बोडिलबाईंचा पडदा उघडा. सताड उघडा, दोन्ही बाजूंना. नेहमी त्या एकच बाजू सारायच्या. माझ्या हे लक्षात आलं, आणि मी ते लक्षातून काढून टाकलं. मेसेज नंतर पाठवू म्हणत गाडी काढली.

गॉलवेच्या वाहतुकीबद्दल बोलू नये तेवढं बरं. मोठ्या चौकाच्या अलीकडे सगळं ठप्प झालं होतं. माझ्या उजव्या बाजूच्या रांगेत डब्लिन विमानतळाची बस येऊन थांबली. मी सहज वर बघितलं. खिडकीशी हिरवा रेनकोट, लोकरीची टोपी. मांडीवर निळ्या झाकणाचा डबा.

त्यांनीही मला बघितलं. आमच्यामधे दोन काचा आणि हातभर अंतर होतं, आणि दोघींनाही हलता येत नव्हतं. त्या हसल्या नाहीत, हात जोडले नाहीत, काही नाही. फक्त बघत राहिल्या, पंचावन्न वर्षांपूर्वी धक्क्यावरच्या काकाकडे बघितलं असेल तसं. माझा फोन वाजला. एमन होता. "आज मेसेज नाही? सगळं ठीक?"

गाडी चालवताना फोनला हात लावू नये हे मला माहीत आहे. पण गाडी चालत होती कुठे? मी त्यांच्या देखत फोन उचलला. काचेपलीकडचा चेहरा पांढरा पडला. मी रोजचंच लिहिलं: पडदा उघडा आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाठवलं, आणि फोन त्यांना दिसेल असा मागच्या सीटवर टाकला.

दिवा हिरवा झाला. बसची रांग आधी सुटली. बोडिलबाईंनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती न सोडता त्यांनी एक बोट उचललं.